पाऊस नसलेल्या खोलीतली भुरी

पाऊस लांबला की द्राक्षबागायतदार डावणीच्या धास्तीत असतो. पाऊस उघडला, आभाळ मात्र भरलेलं राहिलं, सकाळी गारठा आणि दुपारी ऊब असे दिवस लागले की त्याची नजर भुरीकडे वळते. दोन्ही रोगांची पांढरट वाढ पानावरच दिसते, पण त्यांच्या सवयी अगदी उलट आहेत. डावणीला रुजण्यासाठी पानावर पाण्याचा थेंब लागतो. भुरीला तो थेंब नकोच असतो. तिला हवा दमट आणि पान कोरडं हवं. निफाड, तासगाव, नारायणगावच्या बागांत हे शिकवावं लागत नाही, ते छाटणीच्या वेळापत्रकाइतकंच अंगवळणी पडलेलं आहे.

आता अशी जागा बघू, जिथे पाऊस कधीच पडत नाही. बाराही महिने दिवसाचं तापमान २२ ते २८ अंश. हवेत पानांनीच सोडलेला ओलावा. झाडं एकमेकांना खेटून उभी, आणि सगळी एकाच मातृझाडाच्या फांद्यांपासून केलेली, म्हणजे रोगाला बळी पडण्याच्या बाबतीतही अगदी सारखी. भुरीसाठी याहून सोयीची जागा मोकळ्या शेतात क्वचितच सापडेल. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रौढांसाठी गांजा कायदेशीर झाला. वैद्यकीय वापरासाठीचे परवानाधारक उत्पादक त्याआधीपासून होतेच. या दोन्ही गरजांसाठी तिथे दिव्यांच्या प्रकाशावर चालणाऱ्या अशा बंद खोल्या मोठ्या प्रमाणावर उभ्या राहिल्या, आणि त्या खोल्यांत उत्पादकांना सर्वांत जास्त सतावणाऱ्या रोगांत भुरीचं नाव वरचं आहे.

भारतात १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यानुसार सरकारी परवानगीशिवाय हे झाड लावणं गुन्हा आहे, तेव्हा हे प्रकरण लागवडीचा सल्ला म्हणून कुणी वाचू नये. कॅनडातल्या बहुतेक प्रांतांत मात्र एका घरात चार झाडं लावायला मुभा आहे, आणि तिथे राहणाऱ्या मराठी माणसाला हा प्रश्न शेजारच्या तळघरातही भेटू शकतो. मला या विषयात रस आहे तो दुसऱ्या कारणाने. बंद जागेतली भुरी कशी वागते हे या एका पिकाने जितकं स्पष्ट दाखवलं, तितकं क्वचितच कुणी दाखवलं असेल. आपल्याकडे पॉलिहाउसमध्ये गुलाब, जरबेरा, काकडी, ढोबळी मिरची घेणाऱ्याने ते जरूर समजून घ्यावं.

भुरी हा एक जीव नाही. एरिसिफेलीस या गणात सुमारे ९०० जाती आहेत, आणि बहुतेकींचं आपापलं ठरलेलं घर आहे. द्राक्षावरची भुरी वाटाण्यावर जात नाही, आंब्याच्या मोहोरावरची द्राक्षावर येत नाही. कॅनडातल्या गांजावर प्रामुख्याने आढळते ती गोलोव्हिनोमायसीस अँब्रोसिई. हॉप म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी वेल ही गांजाची जवळची नातेवाईक. तिची भुरी वेगळी आहे, पण नातं जवळचं असल्यामुळे ती भांगवर्गीय झाडांवरही उतरू शकते. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये दोन्ही पिकं शेजारीशेजारी असतात, तिथे हे प्रत्यक्ष दिसलेलं आहे.

या सगळ्या जातींत एक गोष्ट समान आहे. जिवंत झाडाशिवाय त्या जगू शकत नाहीत. पाव किंवा लोणच्यावर येणारी बुरशी मेलेल्या अन्नावर वाढते; भुरीला जिवंत पेशी लागते. बीजाणू पानावर पडतो, काही तासांत त्याला कोंब फुटतो, तो पानाच्या सर्वांत वरच्या थरातल्या एका पेशीची भिंत भेदतो आणि आत एक शोषक अवयव तयार करतो. पेशीचं पातळ आवरण मात्र तो फाडत नाही, ते त्याच्याभोवती दुमडून राहतं. पेशी मरत नाही, साखर बनवत राहते, आणि ती साखर बुरशीकडे जाते. आंब्याच्या फांदीवरचं बांडगूळ ज्या रीतीने जगतं, तीच ही रीत, फक्त सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागणारी. बुरशीचं उरलेलं सगळं शरीर पानाच्या बाहेर, उघड्यावर पसरलेलं असतं. पाच-सात दिवसांत त्या जाळ्यातून उभे देठ निघतात आणि त्यांच्या टोकाला बीजाणूंच्या साखळ्या सुटतात. आपल्याला पिठासारखी दिसते ती ही अवस्था. पांढरा ठिपका नजरेला पडला तेव्हा त्या पानावरची पहिली पिढी पुरी झालेली असते आणि दुसरी हवेत असते.

या बीजाणूंत स्वतःचं पाणी भरपूर असतं, म्हणून रुजताना त्यांना बाहेरचं पाणी लागत नाही. उलट पाण्यात बुडाले तर त्यांतले बरेच निकामी होतात. जोराच्या पावसाने मोकळ्या बागेतली भुरी काही काळ दबते, ती याच कारणाने. खोलीत तो पाऊस नाही, वाऱ्याचा झोत नाही, कडक उन्हातली अतिनील किरणं नाहीत आणि हिवाळाही नाही. बाहेर भुरीला आवर घालणाऱ्या चारही गोष्टी आपणच काढून घेतलेल्या असतात.

या रोगाच्या इतिहासाची सुरुवातही अशाच बंद जागेतून झाली, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. १८४५ साली इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावर मार्गेट इथे एडवर्ड टकर नावाच्या माळ्याला आपल्या काचघरातल्या द्राक्षवेलींवर अनोळखी पांढरी भुकटी दिसली. माइल्स बर्कली या पाद्री असलेल्या बुरशीतज्ज्ञाने १८४७ मध्ये तिचं वर्णन केलं आणि माळ्याचंच नाव तिला दिलं : ओइडियम टकेरी. मूळची ती अमेरिकेतली. तिथल्या रानद्राक्षांना तिची सवय होती, युरोपच्या वेलींना नव्हती. काचघरातून ती बाहेर पडली, खाडी ओलांडून फ्रान्समध्ये गेली, आणि १८५४ पर्यंत फ्रान्सचं वाइन उत्पादन काही वर्षांपूर्वीच्या साधारण चौथ्या हिश्श्यावर आलं. मदिरा बेटाच्या द्राक्षशेतीचीही तिने धूळधाण केली.

टकरने स्वतःच उपायही शोधला होता. पीच झाडांच्या भुरीवर गंधक चालतं हे माळ्यांना ठाऊक होतं, त्याने गंधक आणि चुना पाण्यात मिसळून वेलींना लावलं आणि गुण आला. पुढे व्हर्सायच्या बागेतल्या ग्रिझों यांनी गंधक-चुना उकळून द्रावण केलं, आणि माँपेल्येच्या आंरी मारेस यांनी कोरडं गंधक कधी, किती आणि कसं धुरळायचं याची रीत बसवून दिली. १८५० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्सच्या द्राक्षबागा सावरल्या त्या गंधकामुळे. आज आपल्याकडचा बागायतदार पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक वापरतो, त्याची वंशावळ थेट मार्गेटच्या त्या काचघरापर्यंत जाते. पावणेदोनशे वर्षं झाली तरी भुरीला गंधकाची सवय लागलेली नाही, कारण ते बुरशीच्या एकाच नव्हे तर अनेक ठिकाणी घाव घालतं.

मग कॅनडातल्या खोलीत गंधक फवारून मोकळं का होता येत नाही? या प्रश्नाचं उत्तर पिकाच्या वापरात आहे.

गांजाचं विक्रीला जाणारं अंग म्हणजे मादी झाडाचं फूल, चिकट, दाट, केसाळ. ते धुवून घेता येत नाही. द्राक्ष धुता येतं, सफरचंद सोलता येतं, ढोबळी मिरची शिजवता येते. हे फूल वाळवतात आणि बहुतेक वेळा जाळून त्याचा धूर थेट फुप्फुसांत घेतात. पोटात गेलेल्या पदार्थाला यकृताची चाळणी पार करावी लागते, फुप्फुसातून तो सरळ रक्तात उतरतो. शिवाय जळताना तो पदार्थ तोच राहत नाही. मायक्लोब्युटॅनिल हे बुरशीनाशक याचं ठळक उदाहरण. द्राक्षाच्या भुरीवर ते भारतासह अनेक देशांत वापरतात आणि ठरलेली मात्रा, ठरलेला काढणीपूर्व कालावधी पाळला तर फळातला अंश मर्यादेत राहतो. तेच द्रव्य ज्योतीच्या उष्णतेला विघटित होतं तेव्हा त्यातून हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू निघतो. ते आंतरप्रवाही असल्यामुळे पानाफुलाच्या आत मुरलेलं असतं, वरून पुसून जात नाही.

२०१५ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराने कीडनाशकांच्या संशयावरून हजारो झाडं अडकवून ठेवली, त्या यादीत मायक्लोब्युटॅनिल होतं. २०१६-१७ च्या हिवाळ्यात कॅनडातल्या काही परवानाधारक उत्पादकांच्या वैद्यकीय गांजात ते सापडलं. हा माल दुर्धर आजारांशी झगडणाऱ्या रुग्णांपर्यंत पोचला होता. माल परत मागवला गेला, सरकारने अचानक तपासण्या सुरू केल्या, आणि २०१९ पासून विक्रीपूर्वी कीडनाशकांच्या अंशांची चाचणी सक्तीची झाली. आपल्याकडे २०१० मध्ये क्लोरमेक्वाट म्हणजे बागायतदारांच्या भाषेत सीसीसीच्या अंशामुळे युरोपात द्राक्षांचे कंटेनर अडकले, तेव्हा नाशिकच्या कितीतरी घरांची आर्थिक घडी विस्कटली. त्यानंतर अंशांकडे बघायची आपली नजर बदलली. त्या वर्षाची आठवण असलेल्या माणसाला कॅनडातल्या रुग्णांचा संताप समजावून सांगायला नको.

तेव्हा इथे बुरशीनाशकाची बाटली हाताशी नाही असं धरूनच विचार करावा लागतो. आणि तसा केला की पहिलं लक्ष जातं हवेकडे.

झाड मुळातून जेवढं पाणी घेतं त्यातलं ९५ टक्क्यांहून अधिक पानांवाटे हवेत सोडतं. समजा, खोलीत १०० झाडं आहेत आणि प्रत्येकाला रोज दोन लिटर पाणी दिलं जातं. म्हणजे रोज जवळजवळ १९० लिटर पाणी वाफ होऊन त्या चार भिंतींत फिरतं. ते बाहेर काढायला पंखा पुरत नाही, त्यासाठी हवेतला ओलावा शोषणारी यंत्रं लागतात, आणि ती बसवताना हा साधा हिशेब न केल्यामुळे अनेक खोल्या पहिल्याच हंगामात फसतात.

त्याहून लबाड गोष्ट घडते दिवे मालवल्यावर. गांजाला फुलावर आणण्यासाठी रोज बारा तास उजेड आणि बारा तास अखंड अंधार देतात. दिवे चालू असताना खोलीत २५ अंश तापमान आणि ५५ टक्के आर्द्रता आहे, मोजमाप उत्तम आहे, माणूस निश्चिंतपणे घरी जातो. दिवे बंद होतात, तापमान १८ अंशांवर येतं. गार हवेत तेवढीच वाफ मावत नाही, त्यामुळे हवेत एक थेंबही न वाढता आर्द्रता ८५ टक्क्यांच्या जवळ पोचते. दाट पानोऱ्याच्या आत, जिथे हवा हलत नाही, तिथे त्याहून जास्त. भुरी रुजायला रात्रीचे काही तास पुरतात. सकाळी दिवे लागतात, आकडा पुन्हा ५५ दाखवतो. दिवसाच्या नोंदी चोख आणि खोली रोगाने भरलेली, असं कोडं पडलेल्या प्रत्येक ठिकाणी मी आधी रात्रीची नोंद मागेन. उपायही यातूनच निघतो : रात्री तापमान फार पडू द्यायचं नाही, ओलावा शोषणारी यंत्रं दिवे मालवण्याच्या आधी जोरात चालवायची, पाणी दिवसाच्या पहिल्या प्रहरात द्यायचं, शेवटच्या तासात नाही.

पानांची विरळणी हा याचाच भाग. खालची, सावलीत पडलेली, जुनी पानं काढली की हवा खेळती राहते. द्राक्षात काडी मोजून ठेवणारा आणि घडाभोवतीची पानं काढणारा माणूस हेच करत असतो. नत्र जास्त दिलं की पानं मोठी, मऊ, गर्द हिरवी होतात आणि भुरीला तशीच हवी असतात, हेही दोन्हीकडे सारखंच.

आता पाहणीबद्दल. गांजाच्या झाडावर भुरी ओळखणं फसवं आहे, कारण निरोगी फूलही पांढरट, चमचमतं दिसतं. त्यावर राळेच्या ग्रंथी असतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याला लावून बघितलं तर प्रत्येक ग्रंथीला पारदर्शक देठ आणि वर गोल डोकं दिसतं. त्या सुट्या सुट्या उभ्या असतात, रांगेत नाही पण एकसारख्या. भुरी तशी नसते. तिचे धागे आडवे, एकमेकांत गुंतलेले, पानाला लगटून पसरलेले दिसतात, त्यांतून उभ्या साखळ्या निघालेल्या असतात आणि चमक नसते. पानावरचा ठिपका बोटाने पुसला तर जातो. पेशीत रोवलेले शोषक अवयव मात्र तिथेच राहतात आणि थोड्याच दिवसांत त्याच जागी पुन्हा भुकटी येते. पुसताना बोटाला लागलेले बीजाणू पुढच्या झाडावर जातात ते वेगळंच. रोगट पान पुसू नये. त्यावर हलक्या हाताने पिशवी चढवावी, पिशवीतच कापावं, तोंड बांधून खोलीबाहेर न्यावं, आणि तेवढा वेळ पंखे बंद ठेवावेत.

झाड अजून वाढीच्या अवस्थेत असेल तर फवारणीला थोडी जागा आहे. पोटॅशियम बायकार्बोनेट हा खाण्याच्या सोड्याच्या जवळचा क्षार बुरशीच्या धाग्यांतलं पाणी ओढून घेतो, ते सुकून पडतात. कॅनडात गांजासाठी मान्य असलेल्या मोजक्या उत्पादनांत ते आहे. तसाच एका उंच वाढणाऱ्या नॉटवीड जातीच्या झाडाचा अर्क मान्य आहे. तो बुरशीला मारण्याऐवजी झाडाची स्वतःची प्रतिकारयंत्रणा जागी करतो, म्हणून रोग दिसण्याआधी दिला तरच उपयोगी. बॅसिलससारखे उपयुक्त जिवाणूही आहेत. आपल्या द्राक्षबागांत वापरली जाणारी अँपेलोमायसीस ही भुरीलाच खाणारी बुरशी, पण तिला स्वतःला भरपूर ओलावा लागतो, आणि इथे तर आपण ओलाव्याशीच लढतो आहोत. गंधकही या अवस्थेत काही उत्पादक वापरतात, पण ३० अंशांच्या वर ते पानं भाजतं, तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवड्यांच्या आत दिलं तरी भाजतं, आणि फुलात त्याचा वास मुरतो.

दुधाचा उपाय अनेकांनी ऐकलेला असतो आणि त्याला आजीबाईचा बटवा म्हणून सोडून दिलं जातं. तसं करू नये. ब्राझीलच्या वाग्नेर बेतिओल यांनी १९९९ मध्ये काचघरातल्या झुकिनीवर गाईच्या दुधाचे प्रयोग प्रसिद्ध केले. दहा टक्क्यांहून जास्त तीव्रतेचं दूध नियमित फवारल्यावर ते नेहमीच्या बुरशीनाशकांच्या तोडीचं ठरलं. काकडी-भोपळ्याच्या पानावर तो उपाय खुशाल करावा. गांजाच्या फुलावर मात्र नाही; तिथे दूध नासतं आणि त्यावर दुसऱ्या बुरशा वाढतात, त्यांतल्या काही दुबळ्या प्रतिकारशक्तीच्या रुग्णाला भुरीपेक्षा कितीतरी जास्त घातक आहेत.

फुलं भरल्यानंतर फवारणी जवळजवळ संपते. या टप्प्यावर मला सर्वांत आशादायक वाटतो तो प्रकाशाचा उपाय. भुरीचं शरीर पानाच्या बाहेर, उघडं आणि रंगद्रव्याविना असतं, त्यामुळे अतिनील-सी किरणांपुढे ती दुबळी आहे. अडचण अशी होती, की या किरणांनी तिच्या डीएनएची जी मोडतोड होते ती भुरी निळ्या प्रकाशाच्या मदतीने दुरुस्त करून घेते. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातले डेव्हिड गडूरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच हेरलं. किरणं रात्री द्यायची आणि नंतर काही तास पूर्ण अंधार ठेवायचा. दुरुस्ती होत नाही, आणि झाडाला इजा होणार नाही इतकी कमी मात्रा पुरते. स्ट्रॉबेरीच्या शेतांत रात्री फिरणारे दिवेवाहू यंत्रमानव या संशोधनातून आले. गांजाच्या खोलीत तर बारा तासांचा अंधार आधीच वेळापत्रकात आहे. माणसाच्या डोळ्यांना आणि त्वचेला ही किरणं बाधतात, त्या वेळी खोलीत कुणी असता कामा नये.

दूरचा उपाय बियाण्यात आहे. बार्लीच्या एका जनुकात बिघाड असेल तर भुरीला पेशीत शिरताच येत नाही. एमएलओ नावाचं हे जनुक १९४० च्या दशकापासून ठाऊक आहे आणि इथिओपियातल्या देशी वाणांत तो बिघाड नैसर्गिकच सापडला. युरोपात त्यावर आधारलेले वाण दशकानुदशकं टिकले, जे रोगप्रतिकारक वाणांच्या बाबतीत फार दुर्मीळ आहे. २०२१ मध्ये गांजातही तशी जनुकं ओळखली गेली आणि त्याच वर्षी ओरेगॉनमधल्या संशोधकांनी पीएम१ या वेगळ्या प्रतिकारक जनुकाचा ठावठिकाणा लावला. त्यांतून बाजारात भरवशाचे वाण येतील तेव्हा येतील. तोवर हे पीक काड्यांपासून, एकाच जनुकसंचाच्या हजारो प्रतींनी वाढवलं जातं आहे, आणि एका झाडाला जे लागतं ते सगळ्यांना लागतं.

म्हणून शेवटी लक्ष ठेवायचं ते मातृझाडांच्या खोलीवर. दोन पिकांच्या मध्ये फुलांची खोली रिकामी करून, धुवून, काही दिवस कोरडी ठेवली की तिथली भुरी उपाशी मरते, कारण तिला जिवंत पान लागतं. मातृझाडांची खोली कधीच रिकामी होत नाही. तिथे वर्षानुवर्षं तीच झाडं असतात, त्यांच्यावर एखाद्या खालच्या पानामागे भुरी दबून राहते आणि प्रत्येक काडीबरोबर नव्या खोलीत जाते. बाहेरून आणलेली काडी तर तीन आठवडे वेगळी ठेवून रोज भिंगाखाली तपासल्याशिवाय आत घेऊच नये. आणि रोजच्या पाहणीचा क्रम ठरवताना मातृझाडांची खोली पहिली असावी : सकाळी, धुतलेले कपडे आणि कोरे हातमोजे घालून, दुसऱ्या कोणत्याही खोलीत पाऊल टाकण्याआधी.